पोरगं सैनिक स्कूलला सिलेक्ट झालंय, पाठवू का? आतलं रोजचं आयुष्य खरं कसं असतं

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलला सहावीत नाव लागलंय, मेडिकल पण झालं, पण पोरगं शांत आहे, अजून आजीजवळ झोपतं, तर तिथं मारतात का, अभ्यास होतो का आणि पुढं एनडीए, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणारी अकॅडमी, नक्की का. वडील म्हणतात पाठवायचंच, तुमचं मन होत नाही. मी अशाच एका निवासी शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं, हाऊसमास्तर म्हणजे एका हाऊसच्या पोरांची जबाबदारी असलेला शिक्षक होतो आणि सहावीची डॉरमेटरी सांभाळली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

शांत पोरांची काळजी मला कधीच फार वाटली नाही. शांत पोरगं कोपऱ्यात बसून बघतं, आठवड्याभरात कुणाशी बोलायचं कुणापासून लांब राहायचं हे त्याला कळतं आणि बहुतेक वेळा एक चांगला मित्र मिळाला की त्याचं भागतं. हाल कुणाचे होतात सांगू का, ज्याला घरी बुटाची लेस आई बांधून देते, पाण्याचा ग्लास हातात मिळतो, दप्तर वडील भरतात, त्याचे. मग तो कितीही बोलका असू दे आणि भाषणात पहिला नंबर असू दे. तेव्हा तुमच्या मुलाबद्दल मला विचारायचंय ते एवढंच की त्याच्या वस्तू तो स्वतः सांभाळतो का, आणि उशीर झाला तर घाई करायला कुणी मागं लागावं लागतं का.

आता आधी एक घोळ मिटवतो कारण नातेवाईक हमखास गोंधळ घालतात. साताऱ्याची शाळा म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल्स सोसायटीची, २३ जून १९६१ ला सुरू झालेली देशातली पहिली. त्यानंतर महाराष्ट्रात याच सोसायटीची दुसरी चंद्रपूरला आली ती थेट २०१९ ला. जिल्ह्याजिल्ह्यात ज्या 'सैनिकी शाळा' दिसतात त्या राज्य सरकारच्या १९९५ नंतरच्या योजनेतल्या, संस्था चालवतात, काही उत्तम आहेत काही नावापुरत्या. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल वेगळी, ती १९३७ ची, डॉ. मुंज्यांनी काढलेली. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल वेगळं, आणि डेहराडूनचं आरआयएमसी म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज तर अजून वेगळं, तिथं आठवीला घेतात. आणि २०२१ पासून सोसायटीनं खाजगी शाळांशी भागीदारी करून नवीन सैनिक स्कूल काढायला घेतलीत, त्यांची प्रवेश परीक्षा तीच असते पण फी, हॉस्टेल, स्टाफ यात शाळेशाळेत खूप फरक पडतो. त्यामुळे "आमच्या भाच्याला असं झालं तसं झालं" असं कुणी सांगितलं की आधी विचारा, शाळा कुठली.

रोजचं आयुष्य. वेळा थोड्या इकडं तिकडं होतात, हिवाळ्यात बदलतात, पण साचा एकच. पहाटे साडेपाचच्या आसपास राउजर म्हणजे उठवायचा इशारा, मग चहा बिस्किट, ग्राउंडवर फॉल-इन म्हणजे रांगेत उभं राहणं, पीटी नाहीतर ड्रिल, परत येऊन अंघोळ, युनिफॉर्म, ब्रेकफास्ट, असेंब्ली, मग दुपारपर्यंत तास. जेवण, थोडी विश्रांती, चारच्या पुढं गेम्स, परत अंघोळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे वर्गात बसून सक्तीचा अभ्यास, रात्रीचं जेवण, रोल कॉल, दहाच्या आत लाइट्स आउट. लहानांना लवकर झोपवतात, बारावीवाले परवानगी घेऊन जागतात. एनसीसी सगळ्यांना आहेच.

हे वाचून पालकांना पीटीची भीती वाटते. पीटीचं काही नसतं हो, अकरा वर्षाचं पोरगं तीन आठवड्यात पळायला लागतं, भूक वाढते, रात्री आडवं पडलं की झोप. खरं ट्रेनिंग पीटी संपल्यापासून ब्रेकफास्टच्या फॉल-इनपर्यंतच्या त्या अर्ध्या पाऊण तासात होतं आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. डॉरमेटरीत वीसतीस पोरं, नळ मोजके. पोरगं घामेजलेलं येतं, बाथरूमला लाइन लावायची, तेवढ्यात बेड बनवायचा, चादर ताणून चारी कोपरे आत, ब्लँकेटची घडी ठरलेल्या मापाची, मच्छरदाणी गुंडाळलेली, कपाटात वरच्या खणात काय खालच्या खणात काय हे सुद्धा ठरलेलं. अंघोळ करून आलं की मोज्याचा एकच पाय सापडतो, दुसरा शेजाऱ्यानं घातलेला असतो. बेल्टचं बक्कल चमकत नाही, बुटावर काल संध्याकाळची माती आहे, आणि बाहेर हाऊसचा कॅप्टन, म्हणजे वरच्या वर्गातला पोरगा, ओरडतोय "लास्ट टू मिनिट्स". पहिल्या महिन्यात निम्मी पोरं रोज उशिरा येतात. मग एखाद्या पोराच्या डोक्यात आपोआप येतं की बूट रात्रीच पॉलिश करून ठेवावेत, मोजे बुटातच खोचून ठेवावेत, आणि अंघोळीला पहिल्या झुंडीत जाण्यापेक्षा आधी बेड उरकून दुसऱ्या झुंडीत गेलं तर पाच मिनिटं वाचतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या मते सात वर्षाच्या शाळेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, बाकी परेड, बॅन्ड, घोडदौड (असेल तिथं) हे सगळं नंतर.

धोबी नंबर हा दुसरा विषय. प्रत्येक पोराला एक नंबर मिळतो आणि बनियनपासून रुमालापर्यंत सगळ्यावर तो घालायचा असतो. पालक मार्करने घालतात, चार धुण्यात उडतो, मग कपडा कुणाचा हे देव जाणे. तुम्ही धाग्याने शिवा, नाहीतर कापडी पट्ट्या करून आणा. धोब्याकडं कपडे देताना चिठ्ठी लिहायची, परत घेताना मोजायचं, कमी आला तर तिथंच सांगायचं. पहिल्या टर्मला पोरांचे मोजे, टॉवेल, हनुमान टोपी असलं काय काय हरवतं, आणि घरी आल्यावर आई म्हणते अगं बाई एवढे नवे आणले होते. हरवू द्या. लगेच नवीन पार्सल पाठवू नका, दोनच मोज्यांच्या जोडावर त्याला एक आठवडा काढू दे, परत हरवणार नाही.

मेसमध्ये काटे चमचे असतात, आणि पोळी काट्याने खाताना सुरुवातीला गावाकडची पोरं उपाशी उठतात हे मी बघितलंय, भाजी बशीत राहते आणि वेळ संपतो. ते आठ दिवसात सुटतं. जेवण घरच्यासारखं नसतं पण भरपूर असतं, दूध अंडी फळं ठरलेली, शाकाहारीला वेगळं. दर फोनवर "काय जेवलास" हा प्रश्न मात्र नका विचारू, पोराला घर आठवतं आणि उत्तर "ठीक" एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा आज कुणाबरोबर खेळलास, हाऊस मॅचला काय झालं, बेड इन्स्पेक्शनला काय शेरा मिळाला.

रडणं. सगळी रडतात, तुमचा पण रडेल. पण पहिल्या आठवड्यात नाही, तेव्हा सगळं नवीन असतं, नवीन बूट, नवीन मित्र, मजा वाटते. रडू येतं दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात, आणि सगळ्यात जास्त पहिल्यांदा पालक भेटून गेल्यावर त्या रविवारी रात्री. लाइट गेले की एक सुरू होतो, मग दुसरा, मग अख्खी लाइन. आम्ही त्या रात्री मुद्दाम राउंड जास्त मारायचो, मेट्रन (लहान पोरांची काळजी घेणाऱ्या बाई) पण थांबायच्या, कुणाला पाणी दे, कुणाच्या उशाशी दोन मिनिटं बस. आणि गंमत म्हणजे सकाळी पीटीला तीच पोरं एकमेकांना चिडवत पळायची. अढीतला आंबा रोज उघडून बघितला की पिकत नाही तसं आहे बघा, जे पालक दर सुट्टीच्या दिवशी गेटवर उभे राहतात त्यांचं पोरगं दिवाळीपर्यंत रडतं, आणि जे ठरलेल्या दिवशीच येतात त्यांचं श्रावण संपेपर्यंत रुळतं. फोनवर तो रडला तर तुम्ही रडू नका, आणि "बरं नसेल वाटत तर घेऊन येते" हे वाक्य तर अजिबात बोलू नका, कारण मग तो रुळायचं सोडून त्या वाक्याची वाट बघत बसतो.

आता मारतात का. सरळ सांगतो. शिक्षकांनी हात उचलायला कायद्यानं बंदी आहे आणि सैनिक स्कूलला प्रिन्सिपल सेवेतला लष्करी अधिकारी असतो, असल्या प्रकाराबद्दल लेखी काही आलं तर ते हलक्यात घेत नाहीत. शिक्षा म्हणून ग्राउंडला फेऱ्या, फ्रंट रोल, जादा ड्रिल हे असतं, आणि ते असावं असं माझं मत आहे, थकतो आणि विसरतो. अडचण असते ती सिनियरची. निवासी शाळा म्हटलं की सिनियर ज्युनियर आलंच, यातलं चांगलं म्हणजे नववीचा एखादा दादा तुमच्या पोराला टाय बांधायला शिकवतो, बॉक्सिंगच्या बाउटआधी पाठ थोपटतो. आणि वाईट म्हणजे ज्युनियरकडून बूट पॉलिश करून घेणं, घरून आलेला खाऊ काढून घेणं, रात्री उठवणं. हे कुठल्याच शाळेत होत नाही असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. किती होतं हे हाऊसमास्तर रात्री डॉरमेटरीत किती फिरतो यावर ठरतं, बास.

तुम्ही काय बघायचं ते सांगतो. पोरगं नेहमीपेक्षा जास्त पैसे किंवा दुप्पट खाऊ मागायला लागलं, फोनवर आधी बोलत होतं आणि आता नुसतं हं हं करतंय, सुट्टी संपताना पोटात दुखतं, अंगावरच्या खुणेचं उत्तर दर वेळी वेगळं येतं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही. आधी हाऊसमास्तरला फोन, दोन दिवसात समाधान नाही झालं तर व्हाइस प्रिन्सिपल, मग प्रिन्सिपल, लेखी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथं दहा मिनिटात गोष्टीचा डोंगर होतो आणि तुमच्या पोराचं नाव सगळ्या शाळेत. आणि मोजे हरवले, बेड बदलला, मॅचला घेतलं नाही, कॅप्टन ओरडला या गोष्टींसाठी एकदाही फोन करू नका. मी हाऊसमास्तर असताना असल्या फोननी वैतागायचो, आणि खरं सांगायचं तर मग त्याच पालकांचा खरा महत्त्वाचा फोन आला तरी कान थोडा बंदच असायचा. माणूसच शेवटी.

अभ्यास. बोर्ड सीबीएसई, माध्यम इंग्रजी. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते त्यामुळे मराठी शाळेतली हुशार पोरं येतात आणि पहिल्या युनिट टेस्टला सायन्स, सोशल सायन्समध्ये आपटतात, कारण प्रश्नच कळत नाही. घाबरू नका, गणितात ती पुढंच असतात आणि सातवीच्या दिवाळीपर्यंत बरोबरीला येतात. प्रवेशाची परीक्षा तीनशे मार्कांची आणि त्यात गणितच दीडशे, त्यामुळे गणित कच्चं असलेलं पोरगं सहसा आत येतच नाही. (पाचवीतच पोरांना निवासी अकॅडमीत टाकून या परीक्षेची तयारी करून घेतात ते मला पटत नाही, दहा वर्षाचं पोरगं एक वर्ष फक्त ओएमआर शीट काळी करतं आणि शाळेत येतं तेव्हा आधीच कंटाळलेलं असतं. तुमच्यानं घरी अभ्यास करून मिळवलंय ना, मग ते जास्त टिकेल.)

एक गोष्ट पालक विचारत नाहीत पण मी सांगतो. सहावी अवघड नसते, सगळे सांभाळून घेतात. अवघड असते आठवी नववी. आवाज फुटतो, उंची वाढते, वर सिनियर आहेत आणि खाली आता ज्युनियर पण आहेत, मेट्रन जवळ नाही, आणि नववीला परीक्षा देऊन नवीन मुलं येतात त्यांची जुन्यांशी कुरबुर चालते. मार्क पडतात ते तेव्हा. सहावीत दर महिन्याला येणारे वडील नववीत वर्षातून एकदा येतात, खरं तर उलटं पाहिजे. नववीच्या सुट्टीत पोराला मामाच्या गावाला, क्लासला असं वाटून टाकू नका, घरी ठेवा, बापाबरोबर गाडीवर फिरू द्या, बोलतो तेव्हा बोलतो.

एनडीए नक्की का? नाही. शाळा एनडीएसाठी काढलेली आहे पण थेट दरवाजा नाही, कोटा नाही. यूपीएससीची लेखी सगळ्यांना सारखी, वर्षातून दोनदा, गणित ३०० आणि जनरल ॲबिलिटी ६००, मग ९०० मार्कांचा एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड मुलाखत आणि चाचण्या, पाच दिवस, मग मेडिकल. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखीत क्लास लावलेली पुण्या मुंबईची पोरं पण तेवढेच मार्क काढतात. फरक पडतो एसएसबीला. तिथं पंधरा पंधरा सेकंदाला एकेक शब्द समोर येतो आणि वाक्य लिहायचं, असे साठ, मग ग्राउंडवर आठदहा अनोळखी मुलांचा ग्रुप, दोन फळ्या, एक दोरी, एक ड्रम आणि पलीकडं जायचं. पाठ करून आलेलं पोरगं तिथं पहिल्या अर्ध्या तासात कळतं, ओरडून लीडर व्हायला बघतं. सात वर्षं डॉरमेटरीत नळासाठी लाइन लावलेलं पोरगं मात्र आधी बघतं कुणाचे हात लांब आहेत, कोण मागं राहिलंय, आणि दोरी त्याच्याकडं देतं. त्याला आपण काही विशेष केलं असं वाटत पण नाही. तरी सुद्धा प्रत्येक बॅचमधली बरीचशी मुलं एनडीएला जात नाहीत, काही इंजिनिअरिंगला जातात, पदवीनंतर सीडीएस ही परीक्षा देऊन सैन्यात जातात, काही बँकेत स्पर्धा परीक्षेत दिसतात, एकदोन मस्त शेती करतात. सैन्यात गेलंच पाहिजे अशी सरसकट सक्ती नाही. पण सरकारी स्कॉलरशिप घेणार असाल तर अटींचा कागद सही करायच्या आधी शांतपणे वाचा, मध्येच काढलं तर रक्कम परत करायची अट असू शकते. फी वर्षाला दीड लाखाच्या पुढंच धरून चाला, त्यात कपडे जेवण येतं, दरवर्षी थोडी वाढते, उत्पन्नाप्रमाणे स्कॉलरशिप मिळते, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आत्ताच काढायला घ्या, जूनमध्ये तिथं रांग असते.

डोळे सांभाळा. सहावीला मेडिकल पास झालं म्हणजे बारावीला होईलच असं नाही, चष्म्याचा नंबर वाढून, गुडघे जुळून, तळपाय सपाट म्हणून मुलं मागं पडतात तेव्हा फार वाईट वाटतं. सुट्टीत मोबाइल हातात देताना हे लक्षात असू द्या.

तुमच्या धाकट्या मुलीबद्दल पण ओझरतं विचारलंय. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक स्कूलमध्ये मुली घेतात, जागा कमी आहेत, दहा टक्के किंवा किमान दहा. एनडीएत मुलींची पहिली बॅच २०२२ ला गेली आणि मे २०२५ ला सतरा जणी पास आउट झाल्या. सहावीला जमलं नाही तरी दहावीनंतर राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून, मुलींची आता नाशिकला, अकरावी बारावी तिथं राहून करायची. तुमच्या मुलाला पण ही वाट नंतर उघडी आहेच, म्हणजे आत्ता नाही पाठवलं तर सगळं संपलं असं वडिलांनी पण म्हणू नये.

माझं मत विचाराल तर पाठवा. पण पोराला स्वतःला जायचं आहे का हे दोघांनी एकत्र बसून विचारा, आजी नसताना. "बघू" म्हणाला तरी चालेल, "पप्पांसाठी जातो" म्हणाला तर आत्ता पाठवू नका.

जायला जो महिना दीड महिना आहे त्यात इंग्रजीचा क्लास लावू नका आणि पहाटे पळवू पण नका. आजीजवळून उठवून वेगळ्या खोलीत झोपू द्या, आजी रागावली तर रागावू दे. स्वतःची चड्डी बनियन मोजे रोज स्वतः धुवायला लावा, बूट पॉलिश, चादरीची घडी, नखं कापणं, शर्टाचं तुटलेलं बटण लावणं. घड्याळ द्या हाताला, मोबाइल नाही, आणि उठवायला जाऊ नका, उशीर झाला तर होऊ दे. शाळेनं दिलेल्या किट लिस्टपेक्षा एकही वस्तू जास्त घेऊ नका, भारी ब्रँडचे बूट तर नकोतच, ते पहिले जातात. ट्रंकेचं कुलूप साधं पण दोन किल्ल्यांचं घ्या, एक त्याच्या गळ्यात आणि दुसरी हाऊसमास्तरांकडं नावाची चिठ्ठी लावून द्या, तुमच्याकडं ठेवू नका, कारण किल्ली हरवते ती हमखास रात्री नऊ वाजता आणि तुम्ही असणार घरी. सोडायला दोघंच जा, अख्खं खानदान टेम्पो ट्रॅक्स करून येतं ते नको, आणि सामान लावून झालं की संध्याकाळच्या फॉल-इनच्या शिट्टीआधी निघा.